प्रेरणेच्या वाक्यामागचा हेतू : ‘द अल्केमिस्ट’च्या निमित्ताने

आपण लिहिले आहे की महाविद्यालयात असताना पाउलो कोएलो यांच्या ‘द अल्केमिस्ट’ या कादंबरीने आपल्याला भारावून टाकले होते, आणि तिशी ओलांडल्यावर तीच कादंबरी पुन्हा हाती घेतली तेव्हा पानोपानी नुसते सुविचार दिसले. यांपैकी कोणते वाचन खरे, अशा कादंबऱ्यांत खरोखर तत्त्वज्ञान असते की केवळ गोड वाक्ये, आणि बारावीत शिकणाऱ्या धाकट्या बहिणीला हे पुस्तक द्यावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी आयुष्याचा मोठा भाग महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला आहे. हे पुस्तक माझ्या वर्गात अनेकदा आले आणि दर वेळी ते विद्यार्थ्यांनीच आणले. त्यामुळे त्याविषयी झटकून टाकल्यासारखे बोलणे मला जमत नाही आणि ते योग्यही वाटत नाही.

माझे मत आधीच सांगतो. या कादंबरीत तत्त्वज्ञान आहे, परंतु वाचक ज्या वाक्यांखाली रेघा ओढतात त्या वाक्यांत ते नाही. ते आहे एका दुय्यम पात्राच्या नकारात, ज्याच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. वाक्य कितीही सुंदर असले तरी त्याच्या विरोधात बोलू शकेल असा माणूस त्या पुस्तकात जिवंत आहे की नाही, यावर ते पुस्तक विचार करते की नुसता धीर देते हे ठरते, असे मला वाटते.

कादंबरी मूळ पोर्तुगीज भाषेत १९८८ साली ब्राझीलमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या फक्त ९०० प्रती निघाल्या आणि त्या प्रकाशकाने पुढे ती छापण्यात रस दाखवला नाही. १९९३ साली ॲलन क्लार्क यांचे इंग्रजी भाषांतर आले, आणि त्यानंतर ती ऐंशीहून अधिक भाषांत पोहोचली, त्यांत मराठीही आहे. कथा अशी : अंदालुसियातील सँटियागो नावाच्या मेंढपाळ मुलाला इजिप्तच्या पिरॅमिडांजवळ पुरलेल्या खजिन्याचे स्वप्न पडते. सालेमचा राजा म्हणवणारा एक वृद्ध त्याला भेटतो आणि सांगतो की प्रत्येक माणसाचे या पृथ्वीवर एक विहित कार्य असते आणि माणसाने एखादी गोष्ट मनापासून इच्छिली की सारे विश्व ती मिळवून देण्यासाठी त्याच्या पाठीशी उभे राहते. मुलगा मेंढ्या विकतो, समुद्र ओलांडून टँजियरला पोहोचतो आणि तेथे पहिल्याच दिवशी लुबाडला जातो. काचसामानाच्या एका दुकानात राबून तो पैसे साठवतो, तांड्याबरोबर वाळवंट पार करतो. मरुद्यानात त्याला फातिमा भेटते आणि एक किमयागारही भेटतो. शेवटी पिरॅमिडांपाशी चोरांचा मार खाताना त्याला कळते की खजिना स्पेनमध्ये आहे, ज्या पडक्या चर्चमध्ये तो मेंढ्यांसह झोपत असे तेथेच.

आता त्या रेघा ओढलेल्या वाक्यांकडे वळू. अशी वाक्ये मनात इतकी खोल का रुततात, याचे उत्तर ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या दुसऱ्या भागात दिले आहे. तेथे त्याने सुभाषितांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्याचे निरीक्षण असे की श्रोत्याला स्वतःच्या मर्यादित अनुभवातून जे आधीच वाटत असते, तेच कोणी सार्वत्रिक सत्य म्हणून मांडले की त्याला आनंद होतो. ज्याचे शेजारी वाईट, त्याला ‘शेजाऱ्यांसारखा त्रास दुसरा नाही’ हे वाक्य फार पटते. सुभाषित हा एखाद्या युक्तिवादाचा सुटा तुकडा असतो, त्याला कारण जोडले की पूर्ण युक्तिवाद होतो, आणि ज्या विधानावर मतभेद होऊ शकतो तेथे कारण द्यावेच लागते, असेही तो सांगतो. त्याच प्रकरणात त्याने म्हटले आहे की सुभाषिते वयस्क आणि त्या विषयाचा अनुभव असलेल्या माणसाच्या तोंडी शोभतात. आपल्या दोन वाचनांतील फरकाचा उलगडा यातून बराचसा होतो. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून काही करावे असे आपल्याला आधीच वाटत होते, आणि पुस्तकाने त्या वाटण्याला विश्वाचा नियम म्हणून मान्यता दिली. आता तिशीनंतर ते वाटणे ओसरले आहे आणि वाक्य एकटे उरले आहे. म्हणजे पहिले वाचन खोटे होते असे नाही. त्या वाचनात अर्धे पुस्तक कोएलोंचे होते आणि अर्धे आपले.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे तपासण्याची सोय करून ठेवली आहे. परार्थ अनुमानाचे, म्हणजे दुसऱ्याला पटवून देण्याच्या अनुमानाचे, पाच अवयव असतात : प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचे ते विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण प्रस्तुत स्थळी लावणे) आणि निगमन (निष्कर्ष). पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, कारण तेथे धूर आहे हा हेतू, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. प्रेरणादायी कादंबरी बहुतेक वेळा प्रतिज्ञा आणि उदाहरण देते आणि मधला हेतू गाळते. वाचक कथेच्या ओघात असल्याने ती उणीव त्याच्या ध्यानात येत नाही. ‘द अल्केमिस्ट’मध्ये याहून गंभीर अडचण आहे. मनापासून इच्छिणाऱ्याला विश्व साहाय्य करते याचे उदाहरण कोणते, तर सँटियागो. आणि सँटियागो यशस्वी होईल हे कशावरून, तर मनापासून इच्छिणाऱ्याला विश्व साहाय्य करते म्हणून. नैयायिक म्हणेल की दृष्टान्त हा पक्षाच्या, म्हणजे ज्याच्याविषयी सिद्ध करायचे त्याच्या, बाहेरचा आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेला लागतो. येथे ज्याच्याविषयी सिद्ध करायचे, त्यालाच साक्षीदार म्हणून उभे केले आहे.

छोट्या, लोकप्रिय, मनाला उभारी देणाऱ्या रचनेत हेतूला जागाच नसते, असा बचाव कोणी करील. तो मला मान्य नाही, आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ हा तुकोबांचा चरण महाराष्ट्रातील किती शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असेल! भिंतीवर तो सुविचार असतो. अभंगात मात्र त्याच्या पुढे ‘कारण अभ्यास, तुका म्हणे’ असे येते, म्हणजे हेतू सांगितलेला आहे. आणि अभ्यासाविषयीच्याच त्यांच्या दुसऱ्या एका अभंगाचा आरंभ ‘ओले मूळ भेदी खडकाचे अंग’ असा आहे, पुढे दोराने चिरा कापला जातो हे आहे. हे दृष्टान्त कोणीही जाऊन पाहू शकतो, त्यांवर वाद होणार नाही, आणि त्यांतून काय निष्पन्न होते हेही मर्यादेत राहते : कोमल वस्तू कठीण वस्तूला भेदू शकते, मात्र त्यासाठी सातत्य आणि काळ लागतो. तुकोबा येथे विश्वाच्या साहाय्याचे वचन देत नाहीत. मोजक्या ओळींत युक्तिवाद पूर्ण होऊ शकतो याचा हा पुरावा आहे, त्यामुळे लोकप्रियता किंवा लहान आकार ही सबब चालणार नाही.

न्यायशास्त्रात हेतू तपासताना व्यभिचार शोधतात, म्हणजे हेतू आहे पण साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, नाही असे एखादे स्थळ सापडते का ते पाहतात. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. एवढे एक स्थळ त्या अनुमानाला पुरते मोडते. कोएलोंच्या कादंबरीत असा लोखंडी गोळा सापडू नये अशीच रचना केली आहे. टँजियरमध्ये मुलगा लुबाडला जातो, परंतु त्यामुळेच तो काचेच्या दुकानात पोहोचतो. वाळवंटात टोळ्यांचे युद्ध सुरू असते, त्यामुळेच तांडा मरुद्यानात थांबतो आणि फातिमाशी ओळख वाढते. शेवटी मार बसतो, आणि मारणाराच खजिन्याचा पत्ता सांगतो. प्रत्येक अपयशाची नोंद पुढच्या यशाच्या खात्यात होते. कथा म्हणून हे रमवणारे आहे, पण मनापासून इच्छिले, सर्व काही केले आणि तरी मिळाले नाही, असा एकही माणूस या कथेच्या जगात संभवत नाही. ज्या सिद्धान्ताला विरोधी स्थळच संभवत नाही, तो सिद्धान्त जगाविषयी काही सांगत आहे का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

तर मग हे वाक्य पोकळ ठरवून सोडून द्यावे का? येथे मला मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाचे शास्त्र रचणाऱ्यांची, एक भेदरेषा फार उपयोगी वाटते. वेदवाक्यांचा अर्थ लावताना त्यांनी विधी आणि अर्थवाद असे दोन प्रकार वेगळे केले. विधी म्हणजे काय करावे ते सांगणारे वाक्य. अर्थवाद म्हणजे त्या कर्माची किंवा देवतेची स्तुती करून माणसाला प्रवृत्त करणारे वाक्य. वैभवाची इच्छा असणाऱ्याने वायूला उद्देशून याग करावा हा विधी, आणि वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे हा त्याला जोडलेला अर्थवाद. मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांच्या सूत्रांनुसार अर्थवाद निरर्थक नसतो, पण त्याचे प्रामाण्य स्वतंत्र नसते. विधीशी एकवाक्यता झाली तरच त्याला अर्थ मिळतो. ‘सारे विश्व तुझ्या पाठीशी उभे राहील’ हे वाक्य मी अर्थवाद म्हणून वाचतो. त्यामागचा विधी असा आहे : भीतीपोटी पुढे ढकललेले काम सुरू कर. हा विधी चांगला आहे, अनेकांना त्याची गरज असते, आणि कुठल्या तरी तरुण मुलाने किंवा मुलीने हे वाक्य वाचून एखादा अर्ज भरला, एखादी नको असलेली वाट सोडली, तर त्या वाक्याने आपले काम केले असे मी म्हणेन. ज्याला आपण पोकळ वाक्य म्हणतो तो बहुधा विधीपासून तुटलेला अर्थवाद असतो. स्तुती उरते, पण काय करायचे ते कोणी सांगत नाही.

धोका तेव्हा निर्माण होतो जेव्हा हा अर्थवाद जगाविषयीचे सत्यकथन म्हणून वाचला जातो, आणि याविषयी मला मनापासून काळजी वाटते. मनापासून इच्छिणाऱ्याला मिळतेच असे मानले, तर ज्याला मिळाले नाही त्याने मनापासून इच्छिले नव्हते, हा निष्कर्ष टाळता येत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकांत अशी वाक्ये टेबलासमोर चिकटवलेली मी पाहिली आहेत. पदे ठरावीक असतात आणि उमेदवार त्याच्या कित्येक पट असतात, त्यामुळे सर्वांनी कितीही तळमळीने इच्छा केली तरी बहुसंख्य मुले मागे राहणार हे आधीच ठरलेले असते. तेथे विश्वाने कोणाची बाजू घ्यायची? तरीही निकालानंतर हुशार, कष्टाळू मुले माझ्यासमोर बसून सांगत, ‘सर, माझी इच्छाच कमी पडली असणार.’ ज्या वाक्याने आरंभी बळ दिले तेच शेवटी दोषारोप होऊन परत येते. अशा वेळी ते वाक्य नुसते पोकळ राहत नाही, ते अन्यायकारक होते, आणि याची जबाबदारी असे वाक्य सत्य म्हणून सांगणाऱ्यावर येते.

प्रेरणा देणाऱ्या ग्रंथाने अपयशी माणसाचा विचार कसा करावा याचा एक नमुना गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. मनाचा निग्रह आणि योग यांविषयी श्रीकृष्ण बोलत असताना अर्जुन आधी शंका काढतो की मन तर अत्यंत चंचल आहे, आणि मग सदतिसाव्या श्लोकापासून तो असा प्रश्न विचारतो जो बहुतेक प्रेरणादायी पुस्तकांत कोणीच विचारत नाही : ज्याच्याजवळ श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला आणि ज्याचे मन योगापासून ढळले, त्याचे काय होते? तो दोन्हींकडून भ्रष्ट होऊन फुटलेल्या ढगासारखा नाहीसा तर होत नाही ना? श्रीकृष्ण या प्रश्नाला टाळत नाहीत आणि अशा माणसाला दोषही देत नाहीत. कल्याणकारी कर्म करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही, असे ते सांगतात. पुढचे उत्तर पुनर्जन्मावर आधारलेले आहे आणि ते मान्य न करणारा वाचक असू शकतो, मीही वर्गात ते सिद्ध म्हणून कधी मांडले नाही. परंतु प्रश्न विचारला गेला आहे, उपदेश करणाऱ्याच्या तोंडावर विचारला गेला आहे, आणि ऐकणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार आहे हे ग्रंथाने मान्य केले आहे. सँटियागो संपूर्ण कादंबरीत त्या वृद्ध राजाला असा प्रश्न विचारत नाही.

आता ज्या नकाराचा मी आरंभी उल्लेख केला त्याकडे येतो. टँजियरच्या चढावर काचसामान विकणारा एक वयस्क, श्रद्धावान मुसलमान व्यापारी आहे. धर्माने सांगितलेल्या पाच कर्तव्यांपैकी चार त्याने पार पाडली आहेत, मक्केची यात्रा तेवढी राहिली आहे. सँटियागोच्या कल्पनांमुळे, म्हणजे रस्त्यावर मांडलेले कपाट आणि काचेच्या पेल्यांतून दिलेला चहा यांमुळे, दुकान भरभराटीला येते आणि यात्रेचा खर्च आता त्याला सहज परवडेल. तरीही तो जात नाही. त्याचे म्हणणे असे की मक्केचे स्वप्न हीच त्याला जगवणारी गोष्ट आहे, ते पूर्ण झाले तर पुढे जगण्याला कारण उरणार नाही. शिवाय तो मुलाला बजावतो की आपल्याला काय काय शक्य आहे हे तुझ्यामुळे दिसले, आणि ते दिसूनही मी करणार नाही, त्यामुळे तू येण्यापूर्वी होतो त्याहून मी आता अधिक अस्वस्थ राहीन.

या चार-सहा पानांत मला खरे तत्त्वज्ञान दिसते. इच्छेचे मोल तिच्या पूर्ततेत आहे की तिच्या असण्यात, हा जुना आणि अवघड प्रश्न येथे एका माणसाच्या तोंडून, कारणासह, मांडला गेला आहे. एखाद्याला त्याच्या शक्यतांची जाणीव करून देणे हे नेहमीच उपकार असतात का, हा दुसरा प्रश्न तर प्रेरणा देणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर आणि वक्त्यावर उलटतो. लेखकाचा कल मुलाकडे आहे हे स्पष्ट आहे, तरी त्याने व्यापाऱ्याला हास्यास्पद केलेले नाही. निरोप घेताना दोघेही एकमेकांना ओळखून आहेत : हा मक्केला जाणार नाही आणि तो मेंढ्यांकडे परतणार नाही. याच्या तुलनेत आरंभी येणारा पाववाला पाहावा. त्यालाही प्रवास करायचा होता, पण मेंढपाळापेक्षा पाववाल्याला समाजात अधिक मान असतो म्हणून त्याने दुकान थाटले, असे वृद्ध राजा दुरून बोट दाखवून सांगतो आणि विषय संपतो. पाववाल्याला स्वतः एक वाक्यही बोलू दिलेले नाही. म्हाताऱ्या आईसाठी त्याने दुकान धरले असेल, किंवा पहाटे भट्टीसमोर उभे राहणे त्याला आवडतही असेल, आपल्याला कळत नाही. पाववाल्याच्या प्रसंगात पुस्तक निवाडा देते, व्यापाऱ्याच्या प्रसंगात विचार करते. एकाच लेखकाच्या हातून दोन्ही घडले आहे, म्हणून संपूर्ण पुस्तकावर एकच शिक्का मारणे मला अप्रामाणिक वाटते.

मूळ कथा कोएलोंची नाही, हेही सांगायला हवे. ती अरबी सुरस कथांत आहे, ज्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या लेखणीतून मराठीत येऊन आपल्या पूर्वजांनी आवडीने वाचल्या, आणि तेराव्या शतकातील सूफी कवी जलालुद्दीन रूमी यांच्या ‘मसनवी’ या काव्यग्रंथाच्या सहाव्या खंडातही आहे. रूमींचा नायक बगदादचा एक वारस आहे, ज्याने वडिलोपार्जित संपत्ती उधळली. कंगाल झाल्यावर तो देवाची करुणा भाकतो, स्वप्नात त्याला कैरोला जाण्याचा आदेश मिळतो, तेथे उपाशीपोटी तो रात्री भीक मागायला बाहेर पडतो आणि गस्तीच्या शिपायाचा मार खातो. शिपाई म्हणतो, मला तर बगदादच्या अमुक गल्लीतील अमुक घरातल्या खजिन्याचे स्वप्न कितीदा पडले, मी काही तुझ्यासारखा मूर्खपणा केला नाही. ते घर या माणसाचेच असते. कथेचा सांगाडा तोच आहे, पण भार वेगळ्या ठिकाणी आहे. रूमी विचारतात की खजिना घरीच होता तर एवढी वणवण कशासाठी, आणि त्यांचे उत्तर असे की चुकीच्या वाटेलाही ईश्वर श्रद्धेची वाट करतो. तेथे माणसाची इच्छा हा प्रमाणभूत आवाज नाही, उलट तिचा गर्व मोडावा लागतो. कोएलोंकडे ईश्वराच्या जागी विश्वाचा आत्मा येतो आणि माणसाची इच्छा त्याच्यातूनच उगम पावते असे वृद्ध राजा सांगतो. एवढा बदल झाला की इच्छेला प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

आणि इच्छेला प्रश्न विचारणे हे तत्त्वज्ञानाचे पहिले काम आहे. कोणती इच्छा माझे विहित कार्य आणि कोणती केवळ हौस, भीती किंवा शेजाऱ्याचे अनुकरण, हे ओळखायचे कसे? कादंबरी म्हणते, शकुनांवरून. शकुनांचा अर्थ कोण लावणार? ज्याला इच्छा आहे तोच. महाभारताच्या आदिपर्वातील ययाति राजा हा या ठिकाणी मोठा साक्षीदार आहे. आपला मुलगा पूरू याचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग घेतल्यानंतर तो म्हणतो की उपभोगाने काम शांत होत नाही, तुपाने अग्नी भडकावा तसा तो वाढतच जातो. हाच श्लोक सुभाषितसंग्रहात एखाद्या वडीलधाऱ्याच्या उपदेशासारखा वाटतो. ययातीच्या तोंडी तो अनुभवाने गाठलेला निष्कर्ष आहे, त्याची किंमत एका मुलाने चुकवली आहे, आणि तारुण्य परत करून राजाने त्याप्रमाणे आचरणही केले आहे. वाक्य आणि त्याची किंमत चुकवणारी कथा यांची जोड कशी असावी, हे तेथे दिसते.

याच्या उलट दिशेने जाणारा एक नमुनाही वाचनात असावा. इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५९ साली, आईच्या निधनाच्या सुमारास आणि पैशाच्या निकडीत, ‘रासेलस’ ही कादंबरी लिहिली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचे मराठी भाषांतर सुरू केले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पूर्ण केले. सुखाच्या शोधात निघालेला हा राजपुत्रही कैरोला येतो. अठराव्या प्रकरणात त्याला एक आचार्य भेटतो, जो विकारांवर विवेकाने विजय मिळवावा असे अतिशय ओजस्वी भाषेत शिकवत असतो. राजपुत्र भारावतो. काही दिवसांनी तो पुन्हा जातो तेव्हा आचार्य अंधारलेल्या खोलीत बसलेला असतो, कारण त्याची एकुलती मुलगी रात्री तापाने गेली आहे. राजपुत्र त्याला त्याचीच शिकवण आठवून देतो, आणि आचार्य विचारतो की ते सत्य आणि तो विवेक आता मला कोणते सांत्वन देणार? जॉन्सन त्या शिकवणीला खोटे म्हणत नाहीत. ती जेथे सर्वांत अवघड ठरेल अशा ठिकाणी नेऊन ठेवतात आणि वाचकाला पाहायला लावतात. कादंबरीला तत्त्वज्ञान करायचे असेल तर तिची स्वतःची पद्धत हीच आहे. तिने प्रबंध लिहावा अशी अपेक्षा कोणीच करत नाही. कादंबरीत हेतू आणि व्यभिचार हे माणसांच्या रूपाने यावे लागतात, आणि त्या माणसांना पुरेसा वेळ बोलू द्यावे लागते.

राहिला बहिणीचा प्रश्न. पुस्तक द्यावे असे मी म्हणेन, कारण सतराव्या-अठराव्या वर्षी निघण्याचे धैर्य देणारा विधी ऐकू येणे आवश्यक असते, आणि मुलींना तो आपल्या घरांतून कमीच ऐकू येतो. मात्र याच कारणासाठी फातिमाचे प्रकरण तिच्याबरोबर बसून वाचावे. प्रत्येक माणसाचे स्वतंत्र विहित कार्य असते असे सांगणारी ही कादंबरी मरुद्यानात पोहोचताच सांगते की वाळवंटातील स्त्रिया वाट पाहतात, आणि फातिमा स्वतःच स्वतःला सँटियागोच्या कार्याचा भाग मानून त्यात अभिमान बाळगते. तत्त्व ‘प्रत्येकासाठी’ असेल तर ते फातिमालाही लागू झाले पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली मांडलेली कसोटी हीच आहे, की ज्या नियमाने तू वागतोस तो सर्वांसाठी नियम व्हावा अशी इच्छा तुला सुसंगतपणे करता येते का ते पाहा. फातिमाने विहिरीवरून घागर खाली ठेवून स्वतःच्या स्वप्नामागे जायचे ठरवले असते, तर विश्व कोणाच्या पाठीशी उभे राहिले असते, हा प्रश्न तिला सुचला तर उत्तम, आणि न सुचला तर आपण विचारावा. त्यानंतर काचेच्या दुकानाची पाने पुन्हा वाचावीत आणि गीतेच्या सहाव्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्न एखाद्या चांगल्या मराठी अनुवादातून दाखवावा. तिला काही वाक्ये वहीत उतरवून घ्यावीशी वाटली तर घेऊ द्यावीत, त्यांत गैर काही नाही. मात्र बारावीचा निकाल लागेल त्या दिवसांत, तो कसाही लागला तरी, त्यांतील एकही वाक्य घरातील कोणी तिला ऐकवणार नाही एवढे आपण पाहावे.